पालथ्या वाटीचं जाकीट

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही फॅशन डिझायनर ना?" मी म्हटलं, नाही. मी कपडे शिवते. डिझायनर केतकी आहे, ती माझ्याहून चाळीस वर्षांनी लहान आहे आणि तिला बाहीचा मुंढा अजून नीट कापता येत नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हेच लिहा. म्हणून लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले, पारशिवनीजवळच्या एका खेड्यात. तेवढ्यात शिलाईचं गणित भागतं. लिहिणंही भागेल असं वाटतं.

माझं नाव गिरजा. लग्न करून नागपुरात मानेवाड्याला आले तेव्हा घरात सासूचं मशीन होतं. तिचे गुडघे गेले, पाय मारता येईना, म्हणून मशीन माझ्याकडे आलं. तिथून पुढे चाळीसहून जास्त वर्षं मी फक्त ब्लाउज शिवले. फ्रॉक नाही, पडदे नाहीत, फॉल-पिको नाही. फक्त ब्लाउज.

ज्यांना शिलाईतलं कळत नाही त्यांना वाटतं, एवढासा कपडा, त्यात काय आहे? साडी कशीही नेसा, ती सावरून घेते. ब्लाउज काहीच सावरून घेत नाही. तो अंगाला लागून असतो, आणि कोणत्याही बाईच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. एक खांदा उतरता असतो, एक दंड जाड असतो, पाठ कुठेतरी वाकलेली असते. बायका माप देताना श्वास ओढून उभ्या राहतात आणि ब्लाउज घालताना श्वास सोडतात. सोबत मापाचा म्हणून जो जुना ब्लाउज आणतात तो दहा वर्षांपूर्वीचा असतो. "असाच शिवजो, पण जरा बरा." आता "जरा बरा" टेपवर कुठे मोजायचा?

तेव्हा डोक्यात ठेवावं लागतं. कोणाचं काय आहे ते. लिहून ठेवण्याइतकं माझं लिहिणं वेगाचं नव्हतं आणि चिठ्ठ्या गळून पडायच्या. म्हणून मी खुणा करायला लागले. अस्तराच्या आत, काखेच्या शिवणीजवळ, रंगीत दोऱ्याने धावदोरा घालून बोटाच्या पेराएवढी खूण. पुढच्या वेळी तो ब्लाउज मापाला आला की उलटा करायचा, खूण बघायची, सगळं आठवायचं.

तिरपी रेघ म्हणजे खांदा उतरता, रेघ ज्या बाजूला पडते त्या बाजूचा. दोन ठिपके म्हणजे बाळंतीण, माप बदलत राहणार, शिवणीत कापड जास्त सोडा. डोळा म्हणजे सासू सोबत येणार आणि गळा तपासणार. डोळ्यावाल्या सुनांचा गळा मी खोलच कापायची आणि वर त्याच कापडाची पट्टी कच्च्या टाक्याने लावून गळा बंद करायची. सासूबाई बघायच्या, मान हलवायच्या. घरी जाऊन सून दोरा ओढायची, पट्टी हातात. एकीच्या सासूने मला पुढे विचारलं, "काहून वं गिरजा, तुह्या शिलाईचे गळे धुतल्यावर खाली काहून उतरतात?" मी म्हटलं, "पाणी खारं आहे आपल्याकडचं."

आणि कावळ्याचा पाय. कावळ्याचा पाय म्हणजे कसाही शिवा, ही बाई घट्ट झाला म्हणणार. अशा बाईचा ब्लाउज मी परत ठेवून घ्यायची, दोन दिवस खुंटीला टांगायची, काहीही न करता इस्त्री मारून द्यायची. "आता कसा बरोबर बसला!" म्हणायच्या. मी हो म्हणायची.

केतकी मला खरी सापडली ती या कावळ्याच्या पायामुळेच. म्हणजे मी तिला सापडले.

केतकी लग्नाचे लेहंगे करते. तिचा स्टुडिओ धरमपेठेत आहे. लेहंगे असे असतात की नवरी उभी राहिली की झुंबर आणि बसली की पंचाईत. तिच्या आईचे ब्लाउज मी पुष्कळ वर्षं शिवले होते. तिच्याकडचा कटिंग मास्टर गावी निघून गेला तेव्हा आईने माझं नाव सांगितलं. माझा मुलगा म्हणाला, आता आराम कर. मी म्हटलं, आराम करून काय करू, तुझ्या बायकोचं तोंड पाहू? सून तिथेच होती, ती पण हसली. मी जायला लागले. मेट्रोने सीताबर्डी, तिथून ऑटो.

एक दिवस केतकी आईचा जुना ब्लाउज घेऊन आली. त्याचा काठ तिला एका लेहंग्यात लावायचा होता. उसवताना तो उलटा झाला आणि तिने बोट ठेवलं.

"काकू, हे काय आहे? कावळ्याच्या पायासारखं?"

मी म्हटलं, "खूण आहे."

"कशाची?"

गिऱ्हाइकापुढे सुचतं तसं खोटं मला तेव्हा सुचलं नाही. "तुझी माय काही केल्या समाधानी होत नाही, त्याची."

केतकी खुर्चीवर बसून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग तिने तो ब्लाउज उजेडात धरला. लाल दोऱ्याचे तीन टाके, एवढंच होतं. म्हणाली, "काकू, हे किती सुंदर आहे!" मला वाटलं पोरीला उन्हाची झळ लागली.

बुधवारी तिच्याकडे गिऱ्हाईक येत नसे. पुढच्या बुधवारी तिने हातमागाचं जाडं सुती कापड आणलं, पांढरं आणि मातकट, आणि मला म्हणाली, आपण आपल्यासाठी काहीतरी करू. ऑर्डर नाही, नवरी नाही, जरी नाही. मोठे ढगळ शर्ट, जाकिटं, झगे. त्यावर तुमच्या खुणा, बाहेरून. काही ती रंगाने काढणार, काही मी दोऱ्याने.

"कोण घालणार?" मी विचारलं.

"कोणी नाही घातलं तर भिंतीवर टांगू."

कपडा भिंतीवर टांगायचा असतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पण लेहंग्यांनी पोरगी दमली होती, हे मला दिसत होतं. नवऱ्या येत, मोबाइलमधला फोटो दाखवत, असाच हवा म्हणत. केतकी दुसऱ्याच्या फोटोची नक्कल करत बसायची. बुधवारी ती चप्पल काढून जमिनीवर बसायची, तोंडात पेन्सिल, केस वर बांधलेले, हाताला निळा रंग. तिची चित्रं मला कळत नसत. तिचं बसणं मला कळायचं.

या कपड्यांच्या नावावरून आमचं पहिलं भांडण झालं. आतली बाजू बाहेर आणायची म्हणून तिला नाव ठेवायचं होतं 'उलटी'.

"उलटी?" मी म्हटलं. "माय वं! कपडे विकून राहिली की दवाखाना काढून राहिली?"

तिने दोन दिवस विचार केला आणि 'आतली बाजू' ठेवलं. ते बरं आहे.

दुसरी अडचण माझ्या हाताची होती. आयुष्यभर मी टाका लपवायला शिकले. तुरपाई बाहेरून दिसली तर उसवायची, असं सासूने बोटावर पट्टी मारून शिकवलं. आता केतकी सांगायची, काकू, मोठा घाला, दिसू द्या. माझा हात ऐकेना. मी घातलेल्या टाक्याला ती म्हणायची, "हा फार शहाणा झाला." शेवटी मी चष्मा काढून शिवायला लागले, तेव्हा टाके हवे तसे आले. हे तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही, आता अंकात वाचेल.

पहिले दहा-बारा कपडे तिच्या मैत्रिणींनी घेतले. एक शर्ट आठ दिवसांत परत आला. तो घेणाऱ्या मुलीची आई स्वतः घेऊन आली होती, घडी करून, पिशवीत घालून. म्हणाली, "तुमच्या मास्टरचं लक्ष नाही हो. कच्चे टाके काढायचे तसेच राहून गेले होते, मी बसून सगळे काढले. एवढा महाग शर्ट!" शर्ट कोरा पांढरा, इस्त्री केलेला, एकसुद्धा खूण शिल्लक नाही. माझं चार बुधवारचं काम. केतकीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी त्या बाईला चहा पाजला. तिने एकही भोक न पाडता, एक धागा न ओढता सगळे टाके काढले होते. मी तिला म्हटलं, बाई, तुम्हाला शिलाई येते. तिला फार बरं वाटलं. शर्टावर मी सगळं परत घातलं आणि मुलीला सांगितलं, हा आईच्या कपाटात ठेवू नको.

हळूहळू केतकीला लोक विचारायला लागले. तेव्हा तिने खुणांचे अर्थ लिहून घ्यायचं ठरवलं. मोबाइल समोर ठेवायचा, मी शिवत बसायचं, बोलत राहायचं. इथे माझी चूक झाली. ती मी कोणावर ढकलणार नाही.

गोष्ट अशी आहे की आजवर मला कोणी काही विचारलं नव्हतं. ब्लाउज कधी मिळेल, हे विचारायचे. हाताला काय माहीत आहे, हे कोणी विचारलं नाही. विचारलं की माणूस सैल होतं. मी रेघ सांगितली, ठिपके सांगितले, डोळा सांगितला. केतकी हसायची, मला चढायचं. आणि एका बुधवारी मी पालथी वाटी सांगितली.

ज्यांची ही खूण, त्यांना मालतीबाई म्हणू. नाव हे नाही. शाळेत शिकवायच्या. चाळिशीच्या आतच त्यांना छातीचा कर्करोग झाला, ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली. त्या काळी हा शब्द लोक दार लावून बोलायचे. घरची माणसं सोडली तर फक्त मला माहीत होतं, कारण डॉक्टरपासून आणि शिवणाऱ्या बाईपासून लपवून चालत नाही. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा दार लावून घेतलं आणि पदर काढून म्हणाल्या, "बघून घे एकदा, आणि शिव. बोलू नको काही." मी बोलले नाही. माप घेतलं.

ब्लाउजच्या पुढच्या भागातल्या गोल तुकड्याला कटोरी म्हणतात. डाव्या कटोरीत मी कापूस भरला. पण कापूस हलका. फळ्यावर लिहायला त्यांनी हात वर केला की तो सरकून वर यायचा, आणि वर्गात पन्नास पोट्ट्या. त्या म्हणाल्या, मी आता फळ्यावर लिहीतच नाही. ते मला लागलं. मी आठ दिवस विचार केला. स्वयंपाकघरात सगळं हातात तोलून बघितलं, तांदूळ, तीळ, राळे. शेवटी मोहरी बसली. मोहरी जड असते, गोल असते, हललं की अंगासारखी हलते आणि परत जागेवर येते. मऊ कापडाची थैली केली, तिच्यात कापूस आणि कापसाच्या पोटात मोहरी, आणि आतून टिचबटणाने लावली, म्हणजे धुताना काढता येईल. त्यांनी घातला, माझ्या भिंतीवर हात उंच करून बोटाने 'कमळ' लिहिलं, खाली आणला, परत वर नेला. सरकला नाही. एकदा त्यांच्या मोलकरणीने थैलीसकट धुतला तर दोन दिवसांनी आतून मोड आले. हे त्यांनीच मला हसून सांगितलं होतं.

त्यांच्या ब्लाउजला मी पालथ्या वाटीची खूण करायची. खाली एक ठिपका. त्यांनी एकदा विचारलं, हे काय? मी सांगितलं. "बरी आहे," म्हणाल्या.

हे सगळं मी केतकीला सांगितलं. नाव सोडून सगळं. सांगताना मला अभिमान वाटत होता. आजही त्या मोहरीचा वाटतो. पण ती गोष्ट माझी नव्हती, तिच्यातली मोहरी तेवढी माझी होती.

केतकीने वाटीचं जाकीट केलं. गडद निळं, गुडघ्यापर्यंत लांब, पाठभर पांढऱ्या पालथ्या वाट्या, प्रत्येकीखाली ठिपका. दोन महिने शिवत होते. आम्ही केलेल्या कपड्यांत सगळ्यात चांगलं तेच होतं, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. मग तिने प्रदर्शन ठरवलं, धरमपेठेतच एक हॉल घेऊन. ज्यांचे मी ब्लाउज शिवले त्या बायकांना बोलावू, म्हणाली. मी वीस-एक जणींना फोन केले. मालतीबाईंनाही केला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी लवकर पोचले. कपडे तारेवर टांगलेले, खाली दिवे, आणि प्रत्येक कपड्याशेजारी एक पुठ्ठ्याची पाटी. केतकी शिडीवर चढून दिवा सरळ करत होती. मी पाट्या वाचत निघाले. माझं वाचणं हळू असतं. रेघ वाचली, ठिपके वाचले, डोळ्याच्या पाटीवर हसले. वाटीपाशी आले.

पाटीवर सगळं होतं. एक शिक्षिका. एक बाजू नाही. फळा. मोहरीची थैली. मोडसुद्धा.

मालतीबाईंनी अर्ध्या गावाच्या पोरी शिकवल्या आहेत आणि त्यांचे ब्लाउज कोण शिवतं हे उरलेल्या अर्ध्या गावाला माहीत आहे.

"केतकी, खाली उतर."

"काय झालं काकू?"

"हे काढ."

ती उतरली, पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं. "मी नाव लिहिलेलं नाही."

"नाव नाई लिवलं. बाई लिवली."

"काकू, हीच तर सगळ्यात मोठी गोष्ट आहे यातली! लोक याच जाकिटासमोर उभे राहणार आहेत. गोष्ट काढली तर नुसती नक्षी उरेल."

"नक्षी काय वाईट असते का?"

"तुम्हीच तर सांगितलं होतं." हे ती हळू म्हणाली, पण म्हणाली.

"हो. म्याच सांगतलं. म्हणून म्याच काढून राहिली." आणि मी पाटी ओढून काढली. मागचा चिकटपट्टा भिंतीचा रंग घेऊन आला.

केतकी रडवेली झाली. दोन वर्षांचं तिचं काम होतं, पेपरवाले येणार होते. मग म्हणाली, "ठीक आहे, हिची तेवढी काढू."

मी म्हटलं, "नाई. सगळ्या काढ."

"सगळ्या काहून?"

तिला समजावायला मला आमच्या धंद्यातलीच गोष्ट सांगावी लागली. एका बाहीला ठिगळ लावलं की बघणारा तिथेच बघतो. म्हणून ठिगळ दुसऱ्या बाहीलाही लावायचं. मग ते ठिगळ राहत नाही, डिझाइन होतं. "एकाच कपड्याजवळ पाटी नसली तर जो येईल तो विचारेल, याची काहून नाई? कोणाचीच नसली तर कोणी विचारणार नाई." तिने नाक पुसलं आणि पाट्या काढायला लागली. मी दुसऱ्या टोकाकडून लागले.

चारच पाट्या काढायच्या राहिल्या होत्या आणि दारातून आवाज आला, "उघडलं का गं?"

मालतीबाई. शिक्षक माणूस, अकराला बोलावलं तर साडेदहाला येणार. वाटीची पाटी माझ्या हातातच होती. मी ती ब्लाउजात खुपसली, पण पुठ्ठा कडक, अर्धा बाहेर.

"काय लपवलं?"

सगळ्यांची गुपितं शिवणीत दाबायचं काम मी केलं. पण ज्याचं गुपित त्याच्यापासूनच लपवायचं, हे माझ्याने झालं नाही. मी पाटी काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचली. पर्समधून पेन काढलं आणि एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली. सवयीने केली, त्यांना स्वतःला कळलं नसेल. मग पुठ्ठ्याचे दोन तुकडे केले, चार केले, आणि पर्समध्ये टाकले.

"हे तू सांगितलंस?"

"हो."

"कोणाला?"

"हिला. एकटीला."

"काहून?"

"तिनं विचारलं. मले कोणी विचारत नाई कधी. बोलून गेली."

केतकी पुढे आली. "चूक माझी आहे, मी..." मालतीबाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा. केतकी थांबली.

"गिरजा," त्या म्हणाल्या, "तुझ्याहून चांगले शिवणारे तेव्हाही होते, आताही आहेत. मी तुझ्याकडे येत होते, कारण तू बोलत नव्हतीस."

मी उरलेल्या पाट्या काढायला वळले.

मला वाटलं त्या परत जातील. त्या गेल्या नाहीत. जाकिटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मग त्याची कड धरून आतून बघितलं, सगळ्या बायका बघतात तसं, शिवण कशी आहे ते. एक खुर्ची ओढली आणि जाकिटाशेजारी बसल्या. दिवसभर तिथेच होत्या.

लोक आले. पेपरवाले आले. सगळ्यांचा एकच प्रश्न, या खुणांचा अर्थ काय? केतकी माझ्याकडे बोट दाखवायची. मी म्हणायची, "नाई सांगत." एक पत्रकार पोरगा चिकट होता, तीनदा विचारलं. तीनदा तेच ऐकलं. लोक त्यावर हसायचे, आणि परत कपड्यांकडे जास्त वेळ बघायचे, आपापसांत अर्थ लावायचे. एकाने तिरप्या रेघेला पावसाची धार ठरवलं. कावळ्याच्या पायासमोर केतकीची आई उभी होती. "हे मला फारच आवडलं," म्हणाली, "फक्त थोडं घट्ट वाटतं."

एक कॉलेजची मुलगी जाकिटापाशी आली. तिने मालतीबाईंनाच विचारलं, "आजी, हे काय आहे?"

"पालथी वाटी. दिसत नाही का?"

"हो, पण म्हणजे काय?"

"म्हणजे वाटी पालथी ठेवली आहे."

मुलगी गेली. मी लांबून बघत होते. मालतीबाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. चार वाजता ते जाकीट एका बाईने विकत घेतलं आणि तिथेच अंगात घातलं. पाठभर वाट्या घेऊन ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. मालतीबाई ती वळेपर्यंत बघत राहिल्या, मग पर्स उचलून निघून गेल्या. मला काही न सांगता.

केतकीने पाट्या परत कधी लावल्या नाहीत. तशी पाच-सहा जाकिटं आणखी झाली. दुसऱ्या शहरातून मागणी आली. आता प्रत्येक कपड्याच्या कॉलरखाली ती एक छोटी पट्टी लावते, त्यावर तिचं नाव आणि माझं नाव असतं, सारख्या अक्षरात. चाळीस वर्षांत शिवलेल्या कशावरही माझं नाव नव्हतं. ते बघितलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. मोबाइल मात्र ती आता समोर ठेवत नाही, आणि मीही जे सांगायचं ते माझंच सांगते.

मालतीबाई चार महिने आल्या नाहीत. मी फोन केला नाही. काय बोलायचं होतं? माफी मागायची तर ती मी हॉलमध्येच मागायला हवी होती, ती सुचली नाही. नंतरची माफी म्हणजे आपल्याच मनाची सोय.

मग एका दुपारी त्या घरी आल्या. हातात पिशवी. दार लावून घेतलं. पिशवीतून नवा ब्लाउज काढून माझ्यापुढे टाकला. दुसरीकडे शिवलेला होता, काठ सुंदर जुळवला होता.

"बघ."

मी बघितला. शिलाई चोख होती. पण दोन्ही कटोऱ्या सारख्या कापल्या होत्या.

"तुम्ही सांगतलं नाई का त्याले?"

"नाही सांगितलं." त्या खाटेवर बसल्या. "पहिल्यापासून सगळं परत कोणाला सांगायचं, या वयात? जमलं नाही माझ्याच्याने."

मी टेप घेतला. पदर त्यांनी स्वतः काढला. पाठ आता वाकायला लागली होती, खांदा उतरला होता, सगळं माप बदललं होतं. मी एकेक आकडा म्हणत गेले. मधेच मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "बाही थोडी लांब ठेव."

तो ब्लाउज मी तीन दिवसांत शिवला. त्यानंतर दोन शिवले.

या लेखाचं ठरलं तेव्हा मी आधी त्यांच्याकडे गेले. काय लिहिणार ते सगळं सांगितलं, आणि लिहू नको म्हणाल्या तर दुसरं काहीतरी लिहीन, असंही सांगितलं. त्यांनी चहा केला, दिला. मग म्हणाल्या, "लिही. नाव बदल, शाळेचा पत्ता लागू देऊ नको. आणि मी तुझ्यावर रागावले होते ते कमी करून लिहू नको."

कमी केलेलं नाही.